इंद्राणीचा दमलेला बाप्पा

समुद्रापारच्या बेटावरच्या सें पिएर गावात उसाच्या पलीकडे काय आहे हे बघायचं तर कापणीपर्यंत थांबावं लागतं. मे महिन्यात ऊस एवढा उंच होतो की तुलसीरामच्या दारातून शेजारच्या बसंतीकाकीचं छप्परही दिसत नाही, नुसता तिचा आवाज येतो. तोही पुरेसा असतो म्हणा. या उसाच्या भिंतीआड तुलसीरामचं घर, घरामागे एक पत्र्याचं खोपट, आणि त्या खोपटात त्याची लेक इंद्राणी. गणपतीच्या आधीचा महिनाभर, घरी असली की ती तिथून बाहेर निघायचीच नाही. कोंडून कोणी घातलं नव्हतं. दार सताड उघडं असायचं, कोंबड्या आतबाहेर करायच्या. फक्त इंद्राणीला जाता येत नव्हतं.

झालं असं की तिचा आजा जयदेव गावातल्या सगळ्या मराठी घरांचे गणपती करायचा. दिवसा ऊस तोडायचा आणि श्रावण लागला की माती मळायला बसायचा. जेर्व्हेज नावाचं मोठं वादळ आलं त्या वर्षी तो गेला. घरात सुतकाचं वर्ष होतं, पण गावाचे देव कोणी करायचे? तुलसीरामने हात लावून पाहिला. त्याने केलेली मूर्ती हुबेहूब हरिप्रसाद म्हाराजांसारखी झाली. म्हाराज म्हणजे गावचे भटजी. पोट जमलं होतं, कान जमले होते, पण तिला पाटावर बसवून तिचीच पूजा सांगायला खुद्द म्हाराजांना संकोच वाटला. मग तेरा वर्षांच्या इंद्राणीला बसवलं. ती आज्याची माती मळून द्यायची, त्याची बोटं कुठे दाबतात ते तिला पाठ होतं. तिने केलेला गणपती पाहून बायकांनी पदर डोळ्याला लावला. ‘अगदी जयदेवभावजींच्या हातचा!’ म्हणाल्या.

त्या दिवशी पोरीला वाटलं आपलं कौतुक झालं. ते कौतुक नव्हतं, नेमणूक होती. त्यांच्यात रीत अशी, की ज्या हाताने एकदा घरोघर देव दिला त्याने मधेच हात आखडता घ्यायचा नाही. एखादं वर्ष चुकलं तर त्या सगळ्या घरांचं वर्ष चुकतं असं मानतात. आणि देव द्यायचा तोही ठरलेला. चेहऱ्याला आज्याचा लाकडी साचा, गाल गुलाबी, मुकुट सोनेरी, डोळे टपोरे. एकदा इंद्राणीने भुवई जराशी वर ओढली, नुसती चव बदलावी म्हणून. खालच्या वाटेवरच्या जमुनाबाईंनी मूर्ती टोपलीत झाकून परत आणली.

“काय झालं, जमुनाकाकी?”

“काय व्हायचंय? हा माझ्याकडे संशयानं बघतो. मी सैपाक करते तर बघतो, मी बसते तर बघतो. आज्यासारखा कर, बाय. मला घरात पोलिस नको.”

शाळा संपल्यावर इंद्राणी स्वेटरच्या कारखान्यात लागली. त्या वर्षांत बेटावर असे कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि आसपासच्या पोरी सकाळी बस भरून तिकडे जायच्या. इथे कोणीच घालत नाही ते स्वेटर इथेच विणले जायचे. तिथे नमुने काढणारी एक क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाची बाई होती, सोलांज. उंच, ओठात नेहमी एक टाचणी धरलेली. एकदा कापणीच्या आधी ऊस पेटवला तेव्हा सोलांज कारखान्याच्या आवारातून तो जळका पट्टा कितीतरी वेळ बघत उभी राहिली. पुढच्या आठवड्यात मशीनवर नमुना आला: तपकिरी जमिनीवर काळ्या, तुटक, कलत्या रेघा. इंद्राणीने ओळखला. तिचा बा रोज संध्याकाळी त्या रेघा पायाला लावून घरी यायचा आणि आय त्या घासून काढायची.

“हा आमचा ऊस ना, मदाम?” तिने विचारलं.

सोलांजने टाचणी ओठातून काढली. “तुला दिसला? इतक्या जणींनी विणला, कोणालाच दिसला नाही. मो तिफी, तू इथे बाह्या शिवत काय बसलीस?”

सोलांज तिला नुसतं ‘माझी पोर’ म्हणून थांबली नाही. मोका गावातल्या कलाशाळेत कुठे जायचं, कोणाला भेटायचं, पोर्टफोलियो म्हणून काय न्यायचं, सगळं तिने सांगितलं. वर म्हणाली, “आणि तिथे गेल्यावर गणपती करते म्हणून सांगू नकोस, तेच करायला लावतील.” अशी इंद्राणी शाळेत गेली. सकाळी मोका, दुपारनंतर कारखाना, श्रावणात खोपट. झोप कधी घ्यायची हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तिच्या खाटेच्या डोक्याशी पत्र्याच्या भिंतीवर तिने खळ लावून माणसं चिकटवली होती. शाळेत आलेल्या जुन्या मासिकांतली. दुसऱ्या पोरी सिनेमातली माणसं लावायच्या, इंद्राणीच्या भिंतीवर जपानातली एक म्हातारी होती, जी मुद्दाम वाकडी भांडी करायची. आफ्रिकेतला एक शिल्पकार होता, भंगाराचे पक्षी करणारा. सूयाक गावातल्या एका होड्या रंगवणाऱ्याने दिलेली रंगाची खपली होती, निळ्यावर पिवळी. आणि मधोमध एक बाई, पुण्याकडची, वत्सला नावाची. साडीचा ओचा खोचलेला, कोपरापर्यंत चिखल, आणि समोर मातीचा एक काळा ढीग, जो नीट बघितला की गुडघ्यात मान घातलेली बाई व्हायचा. रंग नाही, दागिना नाही, बोटांचे ठसे तसेच ठेवलेले.

भगवती, म्हणजे इंद्राणीची आय, केर काढताना या मंडळींशी बोलायची.

“हे कोण? गाणारे?”

“नाय आय, हे वस्तू करतात. मूर्ती, भांडी.”

“मंग भांडी लाव की भिंतीला, मानसं कशाला? आनि ही म्हातारी. एवढं वय झालं, अजून हिला सरळ गाडगं येत नाय?” मग वत्सलाबाईंपाशी थांबून, “ही आपल्यातली दिसते. हिला सांग, फोटोच्या आधी हात धुवावे.”

इंद्राणी हसायची. पण दिवा मालवला की ती त्या चिखलाच्या हातांकडे बघत पडायची. ही माणसं जिवंत आहेत, याचं तिला सगळ्यात नवल वाटायचं. आज सकाळी ती म्हातारी उठली असेल आणि तिला वाटलं असेल आज असं करूया, आणि तिने तसं केलं असेल. कोणी टोपलीत झाकून परत आणलं नसेल.

त्र्याऐंशी साली त्या वत्सलाबाई सदेह मोक्याला आल्या. महिनाभर शिकवायला. भिंतीवरचा फोटो दारातून आत येऊन “नमस्कार, मुलांनो” म्हणाला तेव्हा इंद्राणीच्या हातून ब्रश पडला. बाईंचं मराठी झरझर, पुस्तकातल्यासारखं. इंद्राणीचं मराठी पणज्याने कोकणातून गलबतावर घालून आणलेलं, त्यात इथली क्रेओल बोली शिरलेली. तरी दोघींचं जमलं. बाईंनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगितलं, “तुमच्या घरातली अशी एक गोष्ट घ्या जी तुमच्या हाताला पाठ आहे आणि डोळ्यांना नकोशी झालीय. ती मला नवी करून दाखवा. जाण्याआधीच्या सोमवारी मी आणि इथले शिक्षक मिळून सगळी कामं बघू. एकाला मी वर्षभर माझ्याकडे पुण्याला नेणार आहे. येणंजाणं, राहणं सगळं माझ्याकडे.”

घरी ही गोष्ट कळली तेव्हा तुलसीरामने विडी विझवून पुन्हा पेटवली. भगवती म्हणाली, “जाशील. तुला नाय नेणार तर कोणाला?”

“आनि गणपती, आय? गावाचे?”

“तुजा बा करील. एक वरीस म्हाराजासारखे तर म्हाराजासारखे. लोक बसवतील न बसवतील.” असं म्हणणारी भगवती ही गावात पहिली.

हाताला पाठ आणि डोळ्यांना नकोशी, अशी इंद्राणीकडे एकच गोष्ट होती. सोलांजने बजावलं होतं तरी तिने गणपतीच करायला घेतला. साचा बाजूला ठेवला. सें पिएरची तांबडी माती घेतली आणि आजा कापणीवरून आल्यावर जसा बसायचा तसा बाप्पा बसवला: उसाच्या मोळीला टेकलेला, एक खांदा खाली गेलेला, सोंड मांडीवर सैल सोडलेली, चारातले दोन हात नुसते पडलेले. रंग नाही. मुकुट नाही, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. आणि डोळे मुळीच नाहीत, त्या जागी नुसत्या दोन गुळगुळीत पापण्या. दमलेल्या माणसाला कसले टपोरे डोळे?

बिनडोळ्यांचा देव करतेय हे घरी सांगायची तिला लाज वाटली. शाळेचं काम म्हणजे कागदावरचं, असं भगवतीला वाटत होतं, ते तिने वाटू दिलं. बाप्पाला ओल्या गोणपाटाखाली खोपटाच्या कोपऱ्यात ठेवलं, सावकाश सुकावा म्हणून.

त्या नादात गावाचे गणपती मागे पडले. ते कसेबसे पुरे झाले आणि घरचा गणपती, जो नेहमी शेवटी व्हायचा, तो तर फारच शेवटी झाला. सें पिएरमध्ये त्या दिवसांत झिमझिम थांबत नाही, माती सुकता सुकत नाही. इंद्राणीने तो चुलीजवळ ठेवून घाईने सुकवला आणि भेगेवर रंग दिला. आज्याने बघितलं असतं तर कान उपटला असता.

चतुर्थी शनिवारी आली. सकाळीच तेर रूजहून एक माणूस धापा टाकत आला. तिथल्या एका घरी दिलेल्या गणपतीचा हात बसच्या हिसक्याने निखळला होता. पूजेआधी बसवायला हवा. इंद्राणी ओली माती डब्यात घेऊन निघाली. जाताना म्हणाली, “आय, आपला बाहेर काढू नका, मी आल्यावर काढते.”

पण म्हाराज आले ना! त्यांना त्या दिवशी इतकी घरं असतात की एका घराची आरती संपता संपता पुढच्या घराच्या चपला त्यांच्या पायात असतात. “देव आणा, देव आणा,” त्यांनी घाई केली. तुलसीराम खोपटात गेला, दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि कमरेपासून बाप्पाचा वरचा भाग त्याच्या हातात आला. खालचा पाटावरच बसून राहिला.

तुलसीराम बाहेर आला तो तसाच, अर्धा देव छातीशी धरून.

“खंडित झाली,” म्हाराज म्हणाले. “ही बसवता येत नाही.”

“आयो!” बसंतीकाकी कुडापलीकडून ओरडली, तिला दिसत नव्हतं तरी. “काय मोडलं? काय मोडलं?”

भगवतीचा जीव उडाला. घरात चतुर्थीला पाट रिकामा? आणि तोही पोरीची निवड दोन दिवसांवर आलेली असताना? ती खोपटात शिरली, इकडे बघ, तिकडे बघ, आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचललं.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हिनं जादाचा केलाय की! नुसता रंगवायचा राहिलाय.”

रंगवायला वेळ कुठला? तिने त्याला जास्वंद वाहिली, दुर्वांची जुडी ठेवली, अंगावर लाल कापड घातलं. मग चेहऱ्याकडे बघून थबकली. “आणि डोळे? पोरगी डोळेच इसरली.” ती आत गेली, चुना आणि काजळ घेऊन आली, आणि जन्मात कधी चित्र न काढलेल्या बोटाने त्या दोन पापण्यांवर दोन डोळे काढले. एक जरा मोठा आला. म्हाराजांनी मंत्र म्हटले, प्राण घातले.

इंद्राणी बसमधून उतरली तेव्हा घरातून झांजांचा आवाज येत होता. तिला वाटलं, बाने ऐकलं नाही, काढलाच बाहेर. ती दारात आली आणि तिथेच थांबली. समोर पाटावर, समयांच्या मध्ये, जास्वंदीत गळ्यापर्यंत बुडालेला तिचा सोमवार बसला होता, आणि तिच्याकडे बघत होता.

भगवतीने आरती म्हणता म्हणताच मागे वळून डोळ्यांनी खुणावलं, बघ, मी सावरलं. तिचा चेहरा उजळला होता. इंद्राणी पुढे आली, टाळ्या वाजवायला लागली, आरतीचे शब्द तोंडातून आपोआप येत राहिले. मनात एकच हिशेब चालू होता. आज प्राण घातले. आता हा देव. देव उचलून बसमधून मोक्याला नेता येत नाही.

म्हाराज मोदक खात पायरीवर बसले होते, तेवढ्यात तिने गाठलं.

“म्हाराज, उत्तरपूजा झाली की देव कुठं जातो?”

“आपल्या जागी जातो.”

“मंग पाटावर काय उरतं?”

“माती.”

“नुसती?”

“नुसती. अक्षता टाकून हलवलं की गेला तो.”

“मंग ती माती कोणाची?”

म्हाराजांनी तिच्याकडे नीट बघितलं. एवढ्या घरांत एवढी वर्षं फिरलेला माणूस, त्याला अर्धं कळलं. “माती तुझी आहे, पोरी,” ते म्हणाले. “पण पाट तुझ्या आईचा आहे. तिला विचार, मला नको.” आणि चपला घालून पुढच्या घराला निघाले.

मूर्ती सोमवारपर्यंत तरी राहावी म्हणून संध्याकाळी तिने आयला वळसा घालून विचारून पाहिलं. “आय, औंदा पाच दिवस ठेवूया का बाप्पा?”

“खुळी का काय? आपल्याकडं दीड दिवसाचा. एकदा वाढवला की दरवर्षी वाढवायला लागतो, तुज्या आज्यानं सांगून ठेवलंय. उद्या दुपारी जाणार तो.”

वत्सलाबाईंना जाऊन सांगावं, त्यांनी इथेच येऊन बघावं, असंही तिच्या मनात आलं. पण बाई शनिवार-रविवार सूयाकला होड्या बघायला गेल्या होत्या. सूयाक म्हणजे बेटाचं दुसरं टोक. आपल्या भिंतीवरच्या रंगाच्या खपलीवरून तिनेच त्यांना तो माणूस सुचवला होता.

रविवारी सकाळी इंद्राणीने ठरवलं, सांगायचंच. भगवती नैवेद्याचं ताट वाढत होती. इंद्राणी तिच्या बाजूला उकिडवी बसली.

“आय, हा बाप्पा आहे ना...”

“गप, मी तुला एक सांगते.” भगवतीने आवाज खाली घेतला. “काल सगळी गेल्यावर मी त्याच्या कानात बोलले. बोलले, माज्या इंदीला पुण्याला ने. तिनं लई वर्षं सगळ्यांचे देव केले, आता तिचं तिला करू दे. तुजं मी समदं रीतीनं करीन, दीड दिवसानं हळदीकुंकू लावून पान्यात पोचवीन, एवढीसुद्धा कसूर करणार नाय. तू तिची कसूर करू नको.” ती हसली. “म्हणून तर डोळे काढले. आंधळ्या देवाला तुजी परीक्षा कशी दिसायची?”

ताटावर माशी आली ती इंद्राणीने हाकलली.

“तू काय बोलत होतीस?”

“काय नाय,” इंद्राणी म्हणाली. “मोदक बरे झालेत.”

दुपारी उत्तरपूजा झाली. म्हाराजांनी अक्षता टाकल्या, मूर्ती जरा हलवली, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर तो गेला. मग मिरवणूक नदीकडे निघाली. ढोलकं, झांजा, पोरंबाळं, बसंतीकाकीचा सगळ्यांच्या वरचा आवाज. वाटेच्या दोन्ही बाजूंना न कापलेला ऊस, मधून एकाच माणसाची वाट. “जिनं केला तिच्याच डोक्यावर दे,” भगवती म्हणाली, आणि मूर्ती इंद्राणीच्या डोक्यावर आली. जड होती. आतून अजून ओली होती, हे तिला मानेवर कळत होतं.

नदीपाशी ऊस संपतो आणि एकदम आभाळ दिसतं. ती पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. पाणी गार होतं. मूर्ती डोक्यावरून छातीशी घेतली. पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. तिथून पायवाट मोक्याच्या रस्त्याला लागते. चार पावलं टाकली असती, पलीकडे चढली असती, तर कोणी धरलं नसतं. धरणार तरी काय म्हणून, माती तर तिचीच होती. लोक ओरडले असते, म्हाराजांनी कदाचित चष्मा पुसला असता.

तिने मागे बघितलं. भगवती काठावर उभी होती. आरतीचं ताट एका हातात, दुसरा हात छातीशी, डोळे घट्ट मिटलेले आणि ओठ हलत होते. काय मागत होती ते इंद्राणीला पाठ होतं.

तिने बाप्पाला पाण्यात बसवलं. एकदा, दोनदा बुडवून वर काढतात तसा काढला, आणि मग सोडला नाही, धरूनच ठेवला. भाजलेली मूर्ती असती तर बुडून गेली असती. ही तिच्या हातातच विरघळली. आधी काजळ गेलं. मग तांबडं पाणी तिच्या बोटांमधून वाहत गेलं आणि सोंड, मग तो खाली गेलेला खांदा हळूहळू सपाट झाला.

“सोड की गं आता!” बसंतीकाकी काठावरून म्हणाली. “देवाला काय आंघोळ घालतेस?”

सोमवारी कलाशाळेच्या दालनात प्रत्येकाचं नाव लावलेलं एकेक स्टूल होतं. तिच्या वर्गातल्या यशपालने सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यांतून उसाची लॉरी केली होती, चाकं फिरणारी. सुंदरच होती, इंद्राणीलाही आवडली. तिच्या नावाच्या स्टुलावर काही नव्हतं. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. घरी राहिली असती तर आयने विचारलं असतं, का नाय गेलीस.

वत्सलाबाई तिच्यापर्यंत आल्या. “तुझं कुठाय?”

“नदीत, बाई.”

मग तिने सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. बाईंच्या मागे उभे असलेले शिक्षक एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “उत्तरपूजेनंतर आणता आली असती.”

“व्हय.”

“मग?”

“आय काठावर होती.”

बाईंनी तिच्या हातात कोळसा दिला. “कशी होती ते काढ.” इंद्राणीने भिंतीला लावलेल्या मोठ्या कागदावर काढलं, मोळी, खांदा, सोंड. हात थांबला तेव्हा तिला दिसलं की तिने डोळेही काढलेत, एक जरा मोठा.

“डोळे फार छान आहेत,” वत्सलाबाई म्हणाल्या. “ते तुला आधीपासून सुचले होते?”

“ते आयचे आहेत.”

बाई कागदाच्या अगदी जवळ गेल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “मी आजपर्यंत देव केला नाही, इंद्राणी. केला की तो आपला राहत नाही. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.” आणि मग, कारण त्यांनाही बाकीच्यांना जबाब द्यायचा होता, “मी रिकाम्या स्टुलाला निवडू शकत नाही गं.”

यशपाल पुण्याला गेला.

“नाय ऐकलं त्यानं,” भगवती संध्याकाळी म्हणाली. ती दारात बसून तांदूळ निवडत होती आणि एकेक खडा जरा जास्तच लांब फेकत होती. “मी तर समदं रीतीनं केलं.”

“केलंस, आय.”

“मंग कुठं चुकलं?”

“कुठं नाय. यशपालची लॉरी लई छान होती.” इंद्राणीने त्यापुढे कधीच काही सांगितलं नाही, आणि भगवतीने कोणाकडून ऐकलंही नाही. तुलसीरामला काय कळलं होतं देव जाणे. त्याने त्या आठवड्यात खोपटाच्या कोपऱ्यातलं गोणपाट धुवून वाळत घातलं, जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आता, यातून सुटायची वाट म्हणाल तर ती अशी निघाली. त्या वर्षी बसंतीकाकीच्या सुनेला सात वर्षांनी दिवस गेले आणि काकीने कुडापलीकडून गावाला सांगून टाकलं की भगवतीकडच्या त्या दमलेल्या बाप्पाला तिने नमस्कार केला होता, बाकी कोणालाच केला नव्हता. झालं! पुढच्या श्रावणात खालच्या वाटेवरून जमुनाबाई आल्या. “मला तो बसलेला दे, बाय. फडकं बांधलेला.” मागोमाग दुसऱ्या, तिसऱ्या. तेर रूजहूनसुद्धा माणसं आली. आज्याचा साचा कोंबड्यांना पाणी ठेवायला गेला. आणि भगवतीने बजावलं, “आपल्याला तर तोच. त्याच्याकडं आपलं मागणं राहिलंय.”

अशी इंद्राणी पुन्हा खोपटात बसली. एकदा, फक्त एकदा करायचा म्हणून केलेला गणपती ती आता घरोघरच्या पाटांसाठी करू लागली, खांदा खाली, सोंड सैल, आणि डोळे न काढताच द्यायची, कारण लोकांनीच सांगितलं की डोळे घरची बाई काढते, तसंच असतं. कारखान्यात सोलांजने तिला नमुन्यांच्या खोलीत बसवलं. तिथे ती थंड देशांसाठी रेघा काढायची. पुण्याहून यशपालचं कार्ड आलं ते तिने भिंतीवर लावलं, जपानी म्हातारीच्या शेजारी.

शहाऐंशी साली तिने बाप्पाचा उजवा गुडघा बोटभर वर घेतला. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी पडलेल्या दोन हातांतला एक जमिनीवर टेकला, पंजा पसरून, जसा माणूस उठायच्या आधी टेकतो. जमुनाबाईंनी मूर्ती टोपलीतून काढून निरखली.

“यंदा बाप्पाची कंबर धरलेली दिसते,” जमुनाबाई म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या.

त्या वर्षी घरच्या गणपतीचे डोळे काढायला भगवतीने काजळ आणलं तेव्हा बोट उचलून तिने विचारलं, “इंदी, हा उठतोय का गं?”

“अजून नाय, आय,” इंद्राणी म्हणाली. “तू डोळे काढ.”